पाच माणसांतला होकार

अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सुदर्शन आडत्याचा शब्द म्हणजे सौदा. शेतकरी सोयाबीनची पोती टाकून दवाखान्याला नाहीतर तहसीलला निघून जायचा, आणि लिलावात सौदा निघाला की 'दिलं' म्हणायचं काम सुदर्शनचं. माल ज्याचा तो गावाकडं, होकार सुदर्शनचा. तीस वर्षांत एकाही शेतकऱ्यानं 'मला न विचारता का दिलं?' म्हणून तोंड उघडलं नव्हतं. त्यामुळं दुसऱ्याच्या वतीनं हो म्हणावं तर आपणच, असं त्याचं अगदी प्रामाणिक मत झालं होतं.

या मतानंच त्याला काश्मीरच्या डोंगरात नेऊन सोडलं.

त्याचं झालं असं. त्याची मुलगी राजकन्या पुण्यात नोकरीला. वय सत्तावीस. तिला नांदेडच्या एका लग्नात हदगावच्या भुजंगरावांनी पाहिलं आणि आपल्या मुलासाठी, वीरेशसाठी, निरोप धाडला. मुलगा सरकारी इंजिनियर, घरी शेती, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. सुदर्शननं फोनवर विषय काढला तर राजकन्या म्हणाली, "पप्पा, दिवाळीपर्यंत मला लग्नाचं काही विचारू नका." मुलींना असं म्हणावंच लागतं, ही सुदर्शनची समजूत. तिकडं भुजंगरावांच्या दारात रोज नवं स्थळ उभं राहायला लागलं. मग आषाढातल्या एका रविवारी दोन्हीकडची पाच जाणती माणसं बैठकीत बसली, भुजंगरावांनी विचारलं, "मुलीचं काय म्हणणं हाय?" आणि सुदर्शन सवयीनं म्हणाला, "हाव म्हणते की."

सुपारी फुटली. इकडं पाच माणसांत सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. त्यानंतर शब्द फिरवणाऱ्याला पुढं कुठल्याच बैठकीत कुणी चहा विचारत नाही.

"अवो, लेकीला तर विचारा," बायको शीला आतल्या दारातून म्हणाली होती.

"विचारणारच हाय की. आधी ठरू दे, मंग निवांत विचारू," सुदर्शन म्हणाला, आणि यात काही उलटंसुलटं आहे असं त्याला वाटलं नाही. वर त्यानं शीलाला बजावलं, "तू फोनवर काही बोलू नकोस. मी समोर बसून सांगतो."

पण समोर बसायचं कसं? फोन केला की राजकन्या मीटिंगमध्ये. आणि तीन दिवसांनी तिचाच फोन आला. "पप्पा, ऑगस्टमध्ये काश्मीरला ट्रेक हाय. डोंगरातले तलाव बघायचे, सहा दिवस चालायचं. मैत्रीण ऐनवेळी नको म्हणली, तिची जागा रिकामी हाय. येताव का?"

सुदर्शननं फक्त एक प्रश्न विचारला. "तिथं फोनला रेंज असते का?"

"एक कांडी पण नसते."

सहा दिवस! मीटिंग नाही, फोन कट नाही, पोरगी समोर. देवच पावला म्हणायचा. सोयाबीन रानात उभं होतं, मोंढ्यात माशा मारायचं काम. तो लगेच हो म्हणाला, आणि या वेळी निदान स्वतःच्या वतीनं म्हणाला.

तयारी मात्र त्यानं जिवापाड केली. पाठीवरच्या पिशवीत दहा किलोचं बियाण्याचं पोतं घालून तो रोज सकाळी मोंढ्याला चकरा मारायचा. सुदाम हमालाला ते बघवेना. "मालक, द्या की हिकडं, कुठं ठेवायचं ते सांगा," असं म्हणत तो दोन दिवस मागं मागं फिरला. तिसऱ्या दिवशी त्यानं नाद सोडला; मालकाचं डोकं ठिकाणावर नाही, हे त्यानं चहाच्या टपरीवर सगळ्यांना समजावून सांगितलं.

जाताना सामानात शेंगदाण्याची चटणी होती, धपाटे होते, आणि पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणलेला वीरेशचा बायोडाटा होता. फोटोसकट.

सोनमर्गहून चालायला सुरुवात झाली. या दोघांशिवाय आणखी पाच जण होते, सगळे पुण्या-मुंबईचे, सगळे त्याला पहिल्या तासातच 'काका' म्हणायला लागलेले. गाइड तिथलाच, चाळिशीचा, शांत माणूस. तंबू आणि शिधा घोड्यांवर, स्वतःची पिशवी ज्याच्या त्याच्या पाठीवर. निघण्याआधी गाइडनं एकेकाला विचारलं, कुणाचं डोकं दुखतंय, कुणाला मळमळतंय का. राजकन्येचा नंबर आला तसा सुदर्शन म्हणाला, "उसकू कुछ नहीं होता. एकदम फिट है."

गाइड हसला. "चाचाजी, बेटी का बेटी बताएगी."

सुदर्शनला हा माणूस थोडा आगाऊ वाटला.

विषय पहिल्याच चढावर काढायचा, असं त्यानं ठरवलं होतं. वाक्यही पाठ होतं. "हे बघ बेटा," त्यानं सुरुवात केली, आणि तेवढ्यातच दम संपला. थांबून श्वास घेतला, वर पाहिलं, तर बेटा पन्नास पावलं पुढं. तो धापा टाकत तिच्यापर्यंत पोचला आणि म्हणाला, "हे बघ." या वेळी 'बेटा'लाही हवा पुरली नाही. मोंढ्यातली जमीन सपाट असते, ही गोष्ट तयारी करताना त्याच्या ध्यानातच आली नव्हती. अख्ख्या बाजारात ज्याचा आवाज शेवटच्या ओट्यापर्यंत जायचा, त्याला भोजपत्राच्या झाडांखाली दोन शब्दांच्या पुढं जाता येईना.

"काय म्हणताव पप्पा?" राजकन्येनं विचारलं.

"काही न्हाई. पाणी दे."

संध्याकाळी तंबूत जरा दम आला तर ते पाच जण गोल करून बसलेले. धपाटे संपवत ते 'काका, तुमच्याकडं काय पिकतं' वगैरे विचारत राहिले. राजकन्या सगळ्यांत हसत होती, बापाच्या ताटात वरण वाढत होती. ती कुणाला न कळत त्याच्याकडं बघतेय आणि कशाची तरी वाट बघतेय, असं त्याला एकदोनदा वाटलं. चढाचा परिणाम असेल, म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी निचनाईची खिंड. समोर नुसता दगडांचा चढ, वाट अशी नाहीच, आणि वर कुठंतरी बर्फाची पांढरी रेघ. त्या चढाकडं बघून सुदर्शनच्या पोटऱ्यांनी साफ नकार दिला. टाचांना फोड आलेले, पिशवीचे पट्टे खांद्यात रुतलेले. पण डोकं अजून आडत्याचंच होतं. त्यानं मनात हिशेब मांडला: आपण इथूनच मागं फिरायचं. बाप मागं फिरला की लेकीला यावंच लागेल. मग उतार, हिरवळ, दोघंच, आणि बोलायला भरपूर दम. ही युक्ती त्याला इतकी आवडली की पोटऱ्यांचं दुखणंही जरा कमी झालं.

चढाच्या पायथ्याशी गाइडनं सगळ्यांना थांबवलं. प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला आणि विचारलं, यायचं का परतायचं. ज्याचं त्यानं सांगायचं. पाचही जण हो म्हणाले. राजकन्या हो म्हणाली. गाइड सुदर्शनपाशी आला, आकडा बघून मान हलवली. "ऑक्सिजन बढ़िया है. चाचाजी?"

सुदर्शननं चेहरा जमेल तितका दुःखी केला आणि तोंड उघडलं.

"पप्पा येतेत," राजकन्या म्हणाली.

"वा काका," त्या पाचांतला एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. गाइड अजून सुदर्शनच्याच तोंडाकडं बघत होता, हे खरं. पण पाच माणसं टाळ्या वाजवून राहिली आणि लेक एकदा बोलून गेली, तर आता नाही कसं म्हणायचं? माणसाची काही लाज असते. सुदर्शननं मान खाली घातली आणि हलवली.

त्या चढावर तो पायांनी चढला नाही, रागानं चढला. दर दहा पावलांना थांबायचं, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलायची, आणि मनात एकच गोष्ट घोळायची: ही कोण हो म्हणणारी? फोड माझे, गुडघे माझे, दम माझा लागलाय. एक शब्द विचारायला काय झालं होतं? लोकांसमोर बोलून मोकळी झाली; आता मेलो तरी जायलाच पायजे. खिंडीच्या माथ्यावर सगळ्यांनी फोटो काढले. त्या फोटोत सुदर्शनचा चेहरा असा आहे की त्याच्या मागं उभी असलेली अख्खी पर्वतरांग कुणाच्या नजरेत भरत नाही.

पलीकडं उतरून, नदीच्या कडेनं पुन्हा चालून, दुपार कलल्यावर तलाव आला. विशनसर. पाणी हिरवं म्हणावं तर निळं, निळं म्हणावं तर हिरवं, आणि इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. चहूकडं डोंगर, काठाला मेंढरं. हजारो माणसं हे बघायला जीव टाकतात. सुदर्शननं त्याच्याकडं पाठ केली, एका दगडावर बसला, बूट काढले आणि बाकीचे लांब गेल्याचं बघून तोंड उघडलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला एका दमात बोलता आलं.

"मला इचारलं का तू? पाय माझे, जीव माझा, आन परस्पर 'येतेत' म्हणून सांगणारी तू कोण? सगळ्यांसमोर बोलून बसलीस, मंग मी काय तोंड घेऊन न्हाई म्हणावं? एका शब्दानं इचारायचं तरी होतं."

राजकन्या बुटाची नाडी सोडत होती. तिनं ती पूर्ण सोडली.

"हाव पप्पा," ती म्हणाली. "इचारायला पायजे होतं."

एवढंच बोलली आणि त्याच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच सुदर्शनला सोसलं नाही. आपण आत्ता काय बोललो, ते त्याला हळूहळू ऐकू यायला लागलं. शब्द न् शब्द. त्याचे कान तापले.

"आईनं सांगितलं?" त्यानं विचारलं.

"त्याच दिवशी. सुपारी फुटली त्याच संध्याकाळी."

"मंग ते मैत्रिणीची जागा..."

"कोणती मैत्रीण? दुसरी जागा मी नंतर घेतली. तुम्ही आईला समोर बसून सांगतो म्हणलेले ना. म्हणून समोर बसायची सोय केली." तिचा आवाज जरा ओला झाला. "दोन दिवसांपासून वाट बघून राहिले मी. तुम्ही पाणीच मागताव."

सुदर्शनला लाज वाटली. व्यापारात पडतं घ्यावं लागलं की वाटते तसली नव्हे. ही पोरगी लहानपणी त्याच्या काट्यावर बसायची, वजन सांगितल्याशिवाय उतरायची नाही. तिला विचारायचं सोडून आपण तिचं पोतं करून ठेवलं, हे त्याला समजलं. पण समजलं म्हणून तीस वर्षांची सवय थोडीच जाते? त्यानं पिशवीतून तो प्लॅस्टिकमधला बायोडाटा काढला, बाहीनं पुसला आणि तिच्यापुढं धरला.

"चुकलं माझं. आता इचारतो," तो म्हणाला. "पोरगा चांगला हाय. तुझं काय म्हणणं हाय?"

आता विचारलं, म्हणजे आता ती हो म्हणणार, यात त्याला शंका नव्हती.

राजकन्येनं कागद घेतला. सगळा वाचला, मागची बाजूही बघितली. "पोरगा चांगला असल," ती म्हणाली. "पण न्हाई, पप्पा."

सुदर्शन थांबला. मोंढ्यात पहिलं 'नाही' म्हणजे सौद्याची सुरुवात असते. पुढचं काही येईल म्हणून तो वाट बघत राहिला. पुढं काही आलं नाही. "दिवाळीपर्यंत इचार..."

"इचार झाला माझा. न्हाई."

"मी भुजंगरावाला काय सांगू?"

"जे झालं ते. लेकीला न इचारता हो म्हणलो, म्हणून सांगा."

हे एक वाक्य सोडून बाकी काहीही सांगायची सुदर्शनची तयारी होती. मुलीची पत्रिका, मुलीची बदली, मुलीची तब्येत. उतरेपर्यंत दहा कारणं सुचली असती. पण राजकन्येनं कागदाची नीट घडी करून त्याच्या हातात परत दिली आणि ती पाण्यात पाय सोडून त्याच्या शेजारी बसली, इतकी शेजारी की तिचा खांदा त्याला लागला. त्याला दहातलं एकही कारण मनापासून आवडेना. मग त्यानंही फोड आलेले पाय पाण्यात सोडले, आणि गारठ्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गारठ्यानंच, असं त्यानं लेकीला सांगितलं.

संध्याकाळी चहाच्या वेळी गाइडनं सगळ्यांना गोळा केलं. उद्या यापेक्षाही उंच खिंड आहे, तो म्हणाला. ती ओलांडली की मागं फिरायची सोय नाही. परतायचं असेल त्यानं इथूनच घोडेवाल्यासोबत परतावं. मागं दोन दिवसांची वाट, पुढं चार दिवसांची. फोन दोन्हीकडं सडकेला लागल्यावरच चालू होणार.

त्यानं पहिल्यांदा सुदर्शनकडंच बघितलं. पाचही जण कप हातात धरून थांबले. राजकन्या या खेपेला एक अक्षर बोलली नाही. चहात बिस्कीट बुडवत बसली.

सुदर्शननं हिशेब केला. दोन दिवसांनी भुजंगराव, की चार दिवसांनी भुजंगराव. टाचा ठणकत होत्या, गुडघे वाकत नव्हते.

"मेरे कू आगेच जाना है," तो म्हणाला, आणि लेकीकडं हात केला. "इसका इसकूच पूछो."