डावी तुरपाई

फौजदारांनी झेंडा मास्तरांच्या कापायच्या टेबलावर पसरला आणि त्याच्या कडेवर बोट ठेवलं.

"मास्तर, हे टाके कुणाचे?"

शुक्रवारच्या नमाजानंतर हाच झेंडा मशिदीच्या मिनारावर चढला होता आणि गोऱ्यांच्या राज्याविरुद्ध घोषणा देत सगळी जमात रस्त्यावर उतरली होती. मास्तर तेवढे मशिदीच्या मागच्या दारानं घरी सटकले होते. पोलिसांच्या वर्द्या शिवून पोट भरणाऱ्या शिंप्यानं दुसरं काय करायचं?

आता चष्मा लावायचीही गरज नव्हती. टाके उलटे कललेले होते. डाव्या हाताची तुरपाई, आणि तीही त्यांनीच शिकवलेली. लेकीला उजव्या हातानं जमेना, म्हणून सहा महिने सुई डाव्या हातात धरून त्यांनी स्वतःच्या बोटांची चाळण करून घेतली होती. त्यांना कार्टीचा संताप आला. टाके मात्र इतके एकसारखे होते की अभिमानही वाटला, त्याला काय करणार!

पडद्याआड चाललेलं मशीन थांबलं.

"सांगता येत नाही, साहेब."

"डावखुरं माणूस आहे, एवढं मलाही कळतं. सुई धरणाऱ्या प्रत्येकाकडून चार टाके घालून घेणार आहे. बायकांकडूनही. आलोच आहे, तर तुमच्या घरापासून सुरुवात करू."

फौजदार रस्त्याच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

"बायकांना कशाला त्रास?"

त्यांनी एक चिंधी ओढली, सुई बोचू नये म्हणून उजव्या हाताच्या बोटात घातलेलं अंगुस्तान काढून डाव्या हाताच्या बोटात चढवलं आणि चार टाके घातले. चारही उलटे कललेले.

फौजदारांनी चिंधी झेंड्याच्या कडेला लावून पाहिली. पुन्हा पाहिली.

"तुम्ही? अहो, माझ्या अंगावरची वर्दी तुम्ही शिवलीत!"

"ती उजव्या हातानं, साहेब."

पडदा हलला.

"अब्बा, तो झेंडा..."

"मोठी माणसं बोलत असताना मधे तोंड घालू नये," मास्तर खेकसले. असं ते तिच्यावर कधी खेकसले नव्हते.

त्यांनी चपला पायात सरकवल्या. डावा हात खिशात घातला.

"बेटा, राहिलेलं सगळं मशीनवरच मार. हातशिलाईचं मी आल्यावर बघू."

फौजदारांच्या मागोमाग ते रस्त्यावर उतरले. कोपऱ्यापर्यंत पोचले, तेव्हा कुठे मशीन सुरू झालं.