गवरय्याची रेघ

उद्दानमच्या डायलिसिस केंद्रातली जुनी कपाटं रिकामी करायचं फर्मान निघालं, आणि नूकरत्नम सिस्टरच्या हाती पहिलाच आला तो गवरय्याचा ग्राफपेपर. कडा पिवळ्या पडलेल्या, कोपऱ्यावर आंबिलीचा डाग.

तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. रक्ताचा रिपोर्ट आला की ती लाल पेन्सिलीने हिमोग्लोबिनचा ठिपका द्यायची, खाली निळ्याने रक्तवाढीच्या इंजेक्शनांचा आकडा. कागद खाटेला लटकायचा आणि पेशंट एकमेकांच्या रेघा बघून टोमणे मारायचे.

"काय रे गवरय्या, नारळावर चढणारा गडी तू, आणि रेघ विहिरीत?"

"पाणी प्यायला उतरलीय, मामा. येईल वर!"

केवढी गंमत होती त्या खोलीत! आता जो तो मोबाईलमध्ये डोकं घालून पडतो. नूकरत्नमला त्या दिवसांची फार आठवण यायची, आणि तसं सांगायची तिला लाजही वाटत नसे.

गवरय्याच्या कागदावर निळे आकडे दुप्पट झाले तरी लाल रेघ उतरतच होती. चढली होती ती फक्त उन्हाळ्यानंतर. एरवी तो इंजेक्शनं बर्फाच्या थर्मासमधून घरी न्यायचा. उन्हाळ्यात बर्फ टिकत नाही म्हणून नूकरत्नम त्याला इथेच टोचायची, आणि महिनाभराने रेघ वर यायची. तिने कागदच त्याच्या नाकासमोर धरला होता. "घरी नेतोस ती जातात कुठे?"

"निम्मी पोलम्माला, सिस्टरम्मा. तीही पांढरीफटक पडलीय. दोघंही इथे पडून राहिलो तर काजू कोण सोलणार?"

तिने त्याला झाड झाड झाडलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोला, पोलम्माला, तपासायला बोलावून घेतलं. गवरय्या जाऊन सहा वर्षं झाली. पोलम्मा अजून येते, तिसऱ्या खाटेवर.

"सिस्टर," नवी डॉक्टर स्रवंती आत आली, "पोलम्माचं हिमोग्लोबिन साडेसातवर आलंय. डोस दुप्पट केला, तरी ढिम्म! लोह ठीक आहे, रक्त कुठे जात नाही. आज रक्ताची बाटली चढवते. किडनीच्या यादीत नाव आहे तिचं. बाहेरचं रक्त गेलं की किडनी जुळणं अवघड होतं. पण करू काय?"

नूकरत्नमने स्क्रीनवरची रेघ पाहिली. तोच उतार, उन्हाळ्यानंतर तोच चढ. कागद घेऊन ती तडक तिसऱ्या खाटेपाशी गेली.

"पोलम्मा, कुणाला देतेस?"

पोलम्माने कागदावरचं नवऱ्याचं नाव पाहिलं. मग डागावरून बोट फिरवलं. "माझ्या हातची आंबील ही. सांडायचेच ते नेहमी." तिचे डोळे भरून आले. "सुनेला देते, सिस्टरम्मा. रजनीला. तीही पांढरीफटक पडलीय, पण इथे आली नि कारखान्यात कळलं तर काम जाईल म्हणते. तुम्ही रागवाल म्हणून…"

"रागावलेच आहे! अख्खं घर निम्म्या निम्म्या औषधावर जगवणार आहात का गं?"

गवरय्या असता तर आज याच खोलीत मान खाली घालून बसला असता, असं नूकरत्नमला वाटलं.

"डॉक्टर, बाटली थांबवा. आजपासून हिची सगळी इंजेक्शनं माझ्या डोळ्यांसमोर. रेघ वळायला महिना तरी लागेल."

स्रवंतीने कागद स्क्रीनशेजारी धरून दोन्ही रेघा पाहिल्या. "धाप लागली तर मात्र ऐकणार नाही."

व्हरांड्यात रजनी थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. नूकरत्नमने तो काढून घेतला, बर्फ बेसिनमध्ये ओतला आणि तिला हाताला धरून रक्त काढायला आत आणलं. मग रद्दीतून एक कोरा ग्राफपेपर ओढला, वर लिहिलं: रजनी, गवरय्याची सून.