पत्र्याला परवानगी नाही

थोरल्या दिराने नगरपालिकेत तक्रार केली, तीही स्वतःच्या बापाला अडवणाऱ्या कुंपणाविरुद्ध. ऐकून धाकट्या सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोन्ही भावांची घरं शेजारी. धाकटीचं घर रस्त्यालाच भिडलेलं, दाराला कुलूप घातलं की झालं. थोरल्याचं अंगण मात्र रस्त्याकडे सताड उघडं, आणि रस्त्यावर दिवसभर ट्रक. म्हणून दोन घरांच्या मधे तिने उभे गुळगुळीत पत्रे बसवले होते. तिच्याकडे राहणारा सासरा जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला लाइनमन. डोकं आता भरकटलं होतं, पाय मात्र काही विसरले नव्हते. जाळी असो की फळ्या, पाऊल रोवायला जागा मिळाली की म्हातारा वर! एकदा ट्रकखाली जाता जाता वाचला होता. पत्र्यावर तेवढा त्याचा पाय घसरायचा. मग तो दोन शिव्या हासडून खाटेवर जाऊन बसायचा. नवरा सदा गाडीवर, बाहेरगावी. शिलाई मशीनवर मान मोडून बसणाऱ्या धाकटीला पत्र्याचाच काय तो आधार.

"घरांच्या मधे पत्रा चालत नाही," नगरपालिकेचा निरीक्षक म्हणाला. "जाळी, लाकूड, नाहीतर कमरेइतकी वीट."

"हे सगळं चढतात ते!"

"चढण्याबद्दल नियमात काही नाही, बाई."

"ऊन पडलं की नुसता डोळ्यांवर येतो तो पत्रा," थोरली जाऊ पायरीवरून म्हणाली. "घराची पार कळा गेली."

"मग ठेवून घ्या की बाबांना चार दिवस!"

"आम्हाला कुठे वेळ आहे?" थोरला म्हणाला. "तू काय, घरीच तर असतेस."

घरीच तर असतेस!  धाकटी निरीक्षकाकडे वळली.

"कुंपण घालायलाच हवं का?"

"सक्ती नाही. घातलं तर नियमातलं हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाना घेतला आणि सगळे पत्रे स्वतः उतरवले. थोरला डबा घेऊन निघतच होता.

"भाऊजी, बाबा निघालेत तुमच्याकडे. रस्ता तुमच्या दारात आहे, सांभाळा."

म्हातारा तरातरा अंगण ओलांडत होता. धाकटीचा जीव टांगणीला लागला. ती त्याच्या मागोमाग, हात लांबवला तर सदरा हातात येईल इतक्या अंतरावर चालत होती. शेवटी डबा टाकून थोरला धावला आणि त्याने बापाचं मनगट पकडलं.

"अगं, घेऊन जा यांना! मला कामावर जायचंय!"

"मलाही जायचंय," म्हातारा हात हिसडत म्हणाला. "सोड! लाइन गेलीय, लोक अंधारात बसलेत."

समोरून ट्रक धडधडत गेला. थोरल्याने दुसऱ्या हातानेही बापाला धरलं.

धाकटीला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

"दुपारी त्यांची गोळी असते," ती म्हणाली. "इकडेच पाठवून देते."