पिवळ्या पंखावरचे फोड

मित्रांनो, मी एक म्हातारा एअर कॉम्प्रेसर. लोखंडी टाकी, डोक्यावर मोटर, खाली दोन चाकं आणि एक रबरी पाय. बाहेरची हवा ओढायची, दाबून पोटात भरायची आणि नळीतून हवी तेवढी सोडायची, एवढंच मला येतं.

माझी उमेदीची वर्षं एका दंतवैद्याच्या दवाखान्यात गेली. मी घरघरू लागलो की खुर्चीतला माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू त्याची दाढ मीच किडवली आहे. तेव्हापासून मीही माणसांकडे जरा जपूनच बघू लागलो.

दवाखाना बंद झाला आणि मी एका घड्याळजींच्या घरी आलो. मागच्या खोलीत ते आणि त्यांचा पोस्टमन मेहुणा मिळून लहान विमानं बनवत. हलक्या लाकडाच्या फासळ्या, त्यांवर ताणलेला पातळ कागद आणि शेवटी माझ्या हवेने रंगाचा फवारा. "यंत्र आहे की सोनं!" म्हणत घड्याळजी माझी टाकी थोपटत. माझ्या पोटाखाली मात्र ते सहसा डोकावत नसत. आणि आपल्या यंत्राला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना मुळीच खपत नसे.

एक गोष्ट मला खटके. काम आटोपून घड्याळजी हात धुवायला गेले, की मेहुणा वाकून माझ्या पोटाखालचा स्क्रू सैल करी. फुस्स! माझी हवा निघून जाई. मग तो खाली धरलेला डबा उचलून गुपचूप बाहेर नेई. हा माझा दम चोरतोय, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

त्या वर्षी त्यांनी मोठं दुपंखी विमान करायला घेतलं. मेहुण्याला ते निळं हवं होतं, घड्याळजींना पिवळं. अर्थात पिवळंच ठरलं. रंगाच्या दिवशी हवा दमट होती. पंख वाळला, तेव्हा त्यावर पाच-सहा बारीक फोड उठलेले होते.

"रंगात कुणी काही मिसळलं का?" घड्याळजींनी विचारलं.

"कोण मिसळणार, भावोजी?"

 त्या संध्याकाळी घड्याळजी ओले हात घेऊनच लवकर परतले, आणि मेहुणा माझ्याजवळ वाकलेला दिसला.

"काय करतोयस?"

तो दचकला. "काही नाही."

दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी माझ्या स्क्रूवर खडूची बारीक रेघ ओढली. संध्याकाळी ती पुसलेली होती.

"निळ्या रंगासाठी इतक्या थराला गेलास? खोलीची किल्ली ठेव इथे."

मेहुण्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

पण पुढच्या तीन आठवड्यांत मी जडावलो. नळीतून खोकल्यासारखा आवाज येऊ लागला. फोड आता मसुरीएवढे उठत, त्यांत तांबूस डाग. घड्याळजींनी रंग दोनदा खरवडला, दोनदा पुन्हा मारला. दाराला कुलूप होतं, किल्ली त्यांच्या खिशात. तरी फोड येतच होते. शेवटी त्यांनी बायकोलाच विचारलं, "भावाला दुसरी किल्ली तू करून दिलीस ना?"

त्या हातातलं काम टाकून उठल्या. "उद्या माझ्याही हातावर खडूची रेघ ओढाल!"

त्या तडक भावाकडे गेल्या. परत आल्या त्या परात घेऊनच खोलीत शिरल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि माझा स्क्रू फिरवला. गंजाचं लालसर पाणी भळाभळा परातीत पडलं.

"दाबलेल्या हवेतली ओल आत साठते. तो रोज हे पाणी काढायचा. सांगितलं असतं, तर माझ्या यंत्राला हात का लावलास म्हणून तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं."

घड्याळजी खाली फरशीवरच बसले. मला तर कुठे तोंड लपवावं ते कळेना. ज्याला मी चोर समजलो, तोच एकटा मला सांभाळत होता.

त्याच संध्याकाळी घड्याळजी मेहुण्याकडे गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. दोन दिवसांनी मेहुणा परत आला. पंख नव्याने रंगला, एकही फोड उठला नाही. विमान पिवळंच उडालं, आणि छान उडालं म्हणे.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कोणी असेल, तर काम संपल्यावर रोज त्याच्या पोटातलं पाणी काढा. आणि कुणाचा संशय आला, तर कुलूप लावण्याआधी त्याला समोर बसवून नीट विचारा. नुसतं विचारू नका, त्याला सांगता येईल असं वागा. आमचा मेहुणा आता रोज येतो, हसतो, बोलतो. पण माझ्याकडे वळला की दारातच थांबतो आणि विचारतो, "भावोजी, हात लावू का?" दर वेळी घड्याळजींची मान खाली जाते. तुमच्या घरात कुणावर असं विचारायची पाळी आणू नका.