मशीनसमोरची फरशी

मी फरशी बोलतेय. स्वयंपाकघरातली, भांडी धुण्याच्या मशीनच्या बरोब्बर समोरची. आल्यापासून सगळे माझ्या छातीवर उभे राहिले, पण माझं मत कुणी विचारलं नाही. आज न विचारताच सांगते.

भट्टीतून निघाले तेव्हाच मी दिसायला कडक आणि आतून भलतीच घाबरट होते. जरा काही आपटलं की वाटायचं, झालं, गेला आपला कोपरा! खोक्यात दाटीवाटीने बसून या घरी आले आणि बाहेरच्या खोलीत सोफ्याशेजारी पडून राहिले. स्वयंपाकघर नवं करायचं चाललं होतं. प्रश्न एवढाच होता: जुन्या फरशीवर आधी आम्ही बसायचं, की आधी कपाटं?

सुतार म्हणाला, "कपाटं तयार आहेत, माझ्या दुकानात जागा अडलीये. आधी तीच लावून टाकतो."

फरशीवाल्यालाही ते सोयीचं. "लावा की! पार भिंतीपर्यंत वाकायचं तरी वाचेल माझं."

घरचे बाबा तर खूशच झाले. "कपाटांखाली कोण बघायला जातंय? दिसत नाही तिथे फरशी कशाला पुरायची?"

माणसांचं हे मला कधी कळलंच नाही. जे दिसत नाही ते नसतंच, असं धरून चालतात.

एकट्या आईने विचारलं, "अहो, पण उद्या मशीन बिघडलं तर बाहेर कसं काढायचं?"

मशीन तिच्यासाठीच आणलं होतं. भांड्यांच्या साबणाने तिच्या बोटांना भेगा पडायच्या, रक्त यायचं.

"अगं, अजून खोकं उघडलं नाही आणि तू बिघडायच्या गोष्टी करतेस! शुभ बोल जरा."

झालं. शुभ बोलण्याच्या नादात कपाटं उभी राहिली, त्यांच्या मधे मशीन सरकवलं, वर दगडी ओटा बसला. मग आम्हाला जाड थरावर चिकटवलं आणि मी मशीनच्या पायांपुढे उंबरठ्यासारखी आडवी आले. वर ओटा, समोर मी. मशीन कोंडलं गेलं. मी ओरडत होते हो! पण फरशीचं ओरडणं म्हणजे नुसतं 'टक्'. फरशीवाला ते ऐकून म्हणाला, "वा, मस्त बसलीये."

आणि मशीन बिघडलंच. दुरुस्तीवाल्याने ते ओढलं, धाडकन माझ्या कडेवर आपटलं. मी केवढी दचकले!

"दोष मागच्या बाजूला आहे. बाहेर आल्याशिवाय काही होणार नाही. ओटा उचला, नाहीतर पुढची फरशी फोडा."

बाबा म्हणाले, "ओटा चिरेल. आणि ही फरशी आता बाजारात मिळत नाही. राहू दे. आपण त्यात डबे ठेवू."

"मग भांडी तुम्ही घासा ना, बाबा," मुलगी म्हणाली.

"मला कुठे जमतंय ते!"

म्हणजे पुन्हा आईच सिंकपाशी. तिची पावलं माझ्यावर, त्यामुळे मला सगळं कळतं. साबण भेगेत गेला की तिच्या पायाची बोटं आवळतात. वर बाबा विचारतात, "हातमोजे घालत नाहीस का?" घालते. मोज्यांनी तर खाज सुटते. संताप येतो मला, पण फरशीने संतापून करायचं काय?

आज आईने कुणालाही न विचारता दुरुस्तीवाल्याला परत बोलावलं.

"फोडा," ती म्हणाली.

बाबा धावत आले. "अगं, जोडीची मिळणार नाही! ठिगळ दिसेल ना तिथे!"

"दिसू दे. माझे हात दिसतात त्यापेक्षा बरंच दिसेल."

बाबा बाजूला झाले. दुरुस्तीवाल्याने माझ्या कडेला छिन्नी टेकवली आहे. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? रागही येतो, पण आईचा नाही. दोघांनी आपापली सोय पाहिली, तिसऱ्याने दुजोरा दिला आणि फुटायचं मी! तुमच्या घरी काम निघालं तर आम्हाला आधी बसवा, पार भिंतीपर्यंत. अंधारात पडून राहायला आमची ना नाही.

हातोडा वर गेला. आई, तू जरा मागे सरक. अनवाणी आहेस, माझ्या कपच्या उडतील.