क्विनोआने माझी उपवासाची सुट्टी खाल्ली

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मी जुना कुकर असलो तरी भंगार नाही. पाच लिटरचा, जाड बुडाचा, कर्वेनगरातल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर छत्तीस वर्षं इमानाने वरण-भात शिजवणारा कुकर आहे मी. डाव्या बाजूला पोचा आहे, पण तो मी स्वतः पाडून घेतलेला नाही. मुठीचा स्क्रू ढिला आहे आणि तो घट्ट करायचं काम गेली चार वर्षं 'रविवारी बघू' म्हणून पडून आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या चकतीला असं काही दाबलं, की तिचं भांडं झालं. मग आत हवा भरून मला पाण्यात बुडवलं, कुठे बुडबुडे येतात का ते पाहायला. एकही आला नाही. तिथून मी दुकानात आलो आणि दुकानातून रामदासराव आणि ललिताबाईंच्या लग्नात आहेर म्हणून. त्या लग्नात एकूण चार कुकर आले होते! तीन पुढच्या लग्नांत आहेर म्हणून गेले. मी एकटा घरात राहिलो, याचा मला अजून अभिमान वाटतो.

स्वभावाने मी जरा तापट आहे. पण मनात काही ठेवत नाही. तीन शिट्ट्या मारल्या की मोकळा.

या घरातली माझी नोकरी चांगली होती, कारण सुट्ट्या भरपूर. रामदासराव उपवासाचे पक्के. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी. आता उपवास म्हणजे उपाशी राहणं, अशी तुमची समजूत असेल तर ती काढून टाका. उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. सकाळी एक वाडगा, संध्याकाळी एक, आणि मधे 'जरा तोंडात टाकायला' म्हणून साबुदाणा वडा. हे सगळं कढईचं काम. मी बटाटे तेवढे उकडून द्यायचे आणि दिवसभर ओट्यावर उलटं पडून राहायचं. महिन्यातले दहा-अकरा दिवस असे आरामात जायचे.

मग मागच्या वर्षी रामदासरावांच्या डोळ्यांपुढे धुकं आलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डावा डोळा लहानपणापासूनच अधू. एका संकष्टीला तर गंमतच झाली. गॅलरीत जाऊन त्यांनी भक्तिभावाने चंद्राला हात जोडले, आत येऊन पान वाढायला सांगितलं आणि मोदक तोंडात टाकला. तासाभराने खरा चंद्र उगवला. त्यांनी हात जोडले होते ते समोरच्या इमारतीच्या टाकीवरच्या दिव्याला. पायल, म्हणजे त्यांची मुलगी, पोट धरून हसली. रामदासराव हसले नाहीत. ते आत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला आता काही दिसत नाही गं." ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण ही एवढी साखर घेऊन नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊ आली होती. ती आठच्या खाली आणा, मग तारीख देतो. आणि फार उशीर करू नका, मोतीबिंदू आणखी कडक झाला तर काम अवघड होईल. मग त्यांनी खाण्यापिण्याची चौकशी केली आणि साबुदाण्याचं नाव निघताच कपाळाला हात लावला. एक तर उपवास सोडा, नाही तर साबुदाणा.

"दोन्ही सुटणार नाहीत," रामदासरावांनी घरी येऊन जाहीर केलं. ते टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या लेखी एकदा शिक्का मारला की विषय संपला.

"मग डोळा सोडा," ललिताबाई म्हणाल्या आणि कणीक मळायला बसल्या. पण त्या दिवशी कणीक त्यांनी फारच जोरात मळली.

वरीचे तांदूळ करून झाले. ते रामदासरावांना आजाऱ्याचं जेवण वाटलं. राजगिरा दाताला चिकटला. शेवटी पायल खराडीच्या ऑफिसातून एक चकचकीत पाकीट घेऊन आली. "बाबा, क्विनोआ! प्रोटीन आहे, फायबर आहे, शुगर एकदम वाढत नाही. माझ्या टीममध्ये सगळे खातात."

रामदासरावांनी पाकीट नाकाजवळ नेऊन पाहिलं. "पक्ष्यांसाठी आणलंयस का?"

पहिला प्रयोग पायलने रविवारी केला. इतक्या चकचकीत पाकिटातली वस्तू काय धुवायची, असं म्हणून तिने ते दाणे तसेच माझ्यात ओतले. आणि मित्रांनो, माझ्या अक्षरशः तोंडाला फेस आला! शिट्टीतून फेस, कडेने फेस, ओट्यावर फेस. छत्तीस वर्षांत माझी अशी बेअब्रू झाली नव्हती. रामदासरावांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ललिता, कुकरला साबण राहिलाय."

"माझ्या हातच्या भांड्याला साबण?" ललिताबाई कडाडल्या. मीही कडाडलो असतो, पण माझं झाकण बाजूला होतं. मग पायलने पाकिटाची मागची बाजू वाचली. या दाण्यांवर एक कडू थर असतो, त्याला साबणासारखा फेस येतो, म्हणून ते चोळून चोळून धुवायचे असतात. हे तिने सगळं झाल्यावर वाचलं. आजकालची मुलं पाकीट आधी फोडतात.

दुसऱ्या वेळी सूत्रं ललिताबाईंनी हातात घेतली. धुवायला त्यांनी गव्हाची चाळणी घेतली. दाणे मोहरीएवढे, चाळणीची भोकं त्याहून मोठी. नळ सोडला आणि निम्मा क्विनोआ मोरीच्या वाटेने मुठेला जाऊन मिळाला. उरलेला माझ्यात आला. त्यात त्यांनी तांदळाच्या अंदाजाने भरपूर पाणी घातलं आणि तीन शिट्ट्या काढल्या. पायल ओरडत होती, "आई, एकच शिट्टी, एकच!" पण ललिताबाईंचं म्हणणं, आपल्याकडे तीन शिट्ट्यांशिवाय काही शिजत नाही. मी काय करणार? मला आच मिळाली की मी शिट्टी मारतो. झाकण उघडलं तर आत खळ. रामदासरावांनी चमचा उलटा धरला, तरी ती खळ खाली पडेना.

"मी नोकरीत असताना का नाही आणलंत हे?" ते म्हणाले. "पोस्टभर तिकिटं चिकटवली असती."

त्यानंतर मला वाटलं, सुटलो. पाकीट आता फडताळात मागे जाईल आणि मला माझी सुट्टी मिळेल. खोटं कशाला बोलू, मी खूश झालो. पुढच्या गुरुवारी पुन्हा साबुदाणा भिजला. दुपारी रामदासराव स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले आणि त्यांनी भरलेल्या तांब्याशेजारी, ओट्यावर, पेला समजून हवेतच हात घातला. दोनदा. ललिताबाई दारात उभ्या होत्या. ते गेल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले, फडताळातून पाकीट काढलं आणि मला गॅसवर ठेवलं. तेव्हा मला माझ्या खुशीची लाज वाटली.

या वेळी त्यांनी दाणे धुतले ते जुन्या पंच्यात बांधून, हाताने चोळत, पाण्याचा फेस जाईपर्यंत. मग माझ्यातच चमचाभर तुपावर ते परतले, छान खमंग वास सुटेपर्यंत. एक वाटी दाण्यांना दीड वाटी पाणी. मंद आच, एकच शिट्टी, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला कोणी हात लावायचा नाही. मी इतका शहाण्यासारखा वागलो म्हणून सांगू! उघडलं तर दाणा न् दाणा सुटा. मग कढईत तूप, जिरं, हिरवी मिरची, थोड्या बटाट्याच्या फोडी, त्यावर हे दाणे, शेंगदाण्याचं कूट, मीठ आणि वरून लिंबू.

संध्याकाळी रामदासरावांनी ताट संपवलं. बोटंही चाटली. मग म्हणाले, "वाईट नाही." आमच्या पुण्यात याच्यापेक्षा मोठं बक्षीस नसतं. ललिताबाईंचा चेहरा एकदम फुलला. तेवढ्यात ते म्हणाले, "काय होतं हे?" आणि ते कळल्यावर ताडकन उठले. "उपवासाला क्विनोआ? अगं, हे चालतं असं कोणी सांगितलं तुला?"

झालं! घरात रणकंदन. पायल म्हणाली, हे धान्य नाहीच, हा राजगिऱ्याचा चुलतभाऊ आहे. रामदासरावांनी तिच्याच फोनवर तिला पुढचं वाचायला लावलं. हा चाकवताचा तर सख्खा भाऊ निघाला! "चाकवत उपवासाला चालतो का? नाही ना? संपलं मग."

उपवासाला काय चालतं, याचा आमच्या इमारतीतला शेवटचा शब्द म्हणजे समोरच्या मथुराबाई. वय चौऱ्याऐंशी, शाळेत भूगोल शिकवायच्या. हळद चालत नाही पण कोथिंबीर चालते, हे आमच्या जिन्यात त्यांनीच ठरवून दिलेलं आहे. त्यांना बोलावणं गेलं. त्या काठी टेकत आल्या आणि थेट स्वयंपाकघरात खुर्ची मागवून बसल्या.

"पिकतं कुठे हे?"

"दक्षिण अमेरिकेत, आजी. पेरू, बोलिव्हिया," पायल म्हणाली.

"रामदास, बटाटा मूळचा कुठला?"

रामदासरावांनी पायलकडे पाहिलं.

"तिथलाच. शेंगदाणे? तिकडचेच. मिरची अमेरिकेतूनच आली. तुझा साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तोही तिकडचाच. तुझ्या उपवासाच्या ताटात आपल्या गावचं काही असेल तर ते तूप. बाकी सगळी पाहुणेमंडळी. त्यांच्यातलाच एक उशिरा आला, तर त्याला दाराबाहेर उभं करतोस?"

"पण चाकवत..."

"चाकवताचं चाकवत बघून घेईल. तू तुझ्या डोळ्याचं बघ. दिव्याला नमस्कार करून उपवास सोडतोस आणि मला धर्म विचारतोस?"

रामदासरावांनी हात टेकले. मथुराबाई जाताना वाटीभर क्विनोआ घेऊन गेल्या, चव बघायला म्हणून.

तेव्हापासून माझी सुट्टी गेली ती गेलीच. सोमवारी खिचडी, गुरुवारी दही-काकडी घालून, एकादशीला उकडलेल्या रताळ्याबरोबर. तेही दोन वाडगे नाही, एकच, ललिताबाईंच्या मापाने. मधल्या वेळचा वडा बंद. संध्याकाळी दोघं कॅनॉलच्या रस्त्याला चालायला जायची. मी कुरकुर केली, रिंगमधून वाफ सोडून निषेधही नोंदवला, पण शिट्टी एकीच्या वर जाऊ दिली नाही. तीन महिन्यांनी पायल रिपोर्ट घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "आई, सात पॉइंट सहा!" ललिताबाईंच्या हातातून माझं झाकण निसटलं आणि खण्णकन फरशीवर पडलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि रामदासराव घरी येऊन सरळ स्वयंपाकघरात आले. नेमका गुरुवार होता. मी नुकताच उघडलेला. त्यांनी वाकून आत पाहिलं आणि दचकले. प्रत्येक दाण्याला शिजल्यावर बारीक पांढरी शेपटी सुटलेली असते, ती त्यांना आज दिसली.

"हे असं दिसतं? तीन महिने मी हे खात होतो?"

"हो."

"बरं झालं मोतीबिंदू होता. दिसलं असतं तर तोंडाला लावलं नसतं."

आणि मग त्यांनी मान वर केली. खिडकीतून उजेड येत होता आणि ललिताबाई डाव घेऊन उभ्या होत्या. रामदासराव त्यांच्याकडे बघतच राहिले.

"अगं, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"तुमच्या उपवासांनी केले," ललिताबाई म्हणाल्या आणि घाईघाईने वाढायला वळल्या. पण त्या रडत होत्या, हे मी अगदी जवळून पाहिलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझी रिंग दरवर्षी बदला, शिट्टीचं भोक साफ ठेवा, आणि तो मुठीचा स्क्रू एकदाचा पिळा. आणि घरातलं कोणी डोळे किलकिले करून बघायला लागलं, हवेत हात घालायला लागलं, तर हसून सोडून देऊ नका. त्यांना डॉक्टरकडे न्या. त्यांच्यासाठी नवं काही शिजवताना दोनदा बिघडलं, तर तिसऱ्यांदा गॅस पेटवा. मी ओट्यावर आहे. उपवास असला तरी बोलवा.