मोऱ्याचा कोपरा

"वहिनी, टेबलाखाली काय करताय? वायरी चालू आहेत तिथे."

परेश सबनीसने वाकून पाहिलं, तर वसुंधराबाई पेंढारकर पदर खोचून शाळेच्या हॉलच्या फरशीवर चक्क मांडी ठोकून बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात पाना होता. दोन बोल्ट निघून ओच्यात पडले होते, तिसरा निघत होता.

"आमचा कोपरा नेतेय," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता. न्यायला हातगाडीसुद्धा आणलीय."

पनवेलच्या छोट्या रेल्वेच्या मंडळाचं वार्षिक प्रदर्शन होतं ते. मंडळाची रीत अशी, की प्रत्येक सभासदाने घरी एकेक फळी करायची. वर डोंगर करा, स्टेशन करा, काय वाटेल ते करा, फक्त दोन्ही टोकांना रूळ ठरल्या जागी आणि ठरल्या उंचीला आले पाहिजेत. प्रदर्शनाच्या दिवशी फळ्या एकमेकींना बोल्टांनी जोडल्या, की वीतभर गाडी सगळ्यांच्या गावांतून फिरून परत जागेवर यायची. पूल आणि बोगदे करायला सगळ्यांच्या उड्या पडायच्या. कोपरे मात्र कोणाला नको होते, कारण वळणावर रूळ बसवायचे म्हणजे जिवाला घोर, आणि कौतुक करायला चिटपाखरूही येत नाही. ते चारही कोपरे वसुंधराबाईंच्या यजमानांनी केले होते. एकावर त्यांनी मोरा बंदराचा धक्का केला होता, खाडीचं पाणी, लाँच, पायऱ्यांवरचं शेवाळ यांच्यासकट. "मोऱ्याला रेल्वे कधी गेली हो?" असं सगळे चिडवायचे. "आपण नेली," असं म्हणून हा गृहस्थ पुन्हा ब्रश घेऊन बसायचा.

गेल्या वर्षी परेशचं नवंकोरं इंजिन, त्याच्या मेव्हण्याने जर्मनीहून आणलेलं, भर प्रदर्शनात या कोपऱ्यापाशी रुळावरून घसरलं आणि खाली पडून फुटलं. परेश मंडळाचा अध्यक्ष. माईक हातातच होता. "पेंढारकरांच्या कोपऱ्याने घात केला," तो म्हणाला आणि हॉल हसला. खरी गोष्ट अशी, की कोपऱ्याशेजारी परेशचा स्वतःचा पूल होता आणि पुलाच्या फळीचा एक पाय आखूड होता. सकाळी त्याखाली त्याने पुठ्ठ्याची घडी सारली होती, ती सरकली. पुठ्ठा सारताना वसुंधराबाईंनी त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं. यजमान म्हणाले, "जाऊ दे, कशाला वाद." पण ते पुन्हा मंडळात गेले नाहीत. संध्याकाळ झाली की गॅलरीत बसून आपल्याच बोटांकडे बघत राहायचे. आपलं मोजमाप चुकलं असं त्यांना खरंच वाटायला लागलं होतं, आणि बाईंना तेच सहन होत नव्हतं. श्रावणात ते झोपेतच गेले.

तेराव्याला परेश आला, दोन पुरणपोळ्या जेवला आणि हात धुता धुता म्हणाला, "वहिनी, कोपरे आता मंडळाकडेच राहू देत ना?"

"राहू देत की," वसुंधराबाई म्हणाल्या. त्याच घटकेला त्यांनी मनाशी ठरवलं. लोकांना शिजेपर्यंत दम निघतो, निवेपर्यंत निघत नाही. बाईंचा जन्म विम्याच्या ऑफिसात लोकांना ताटकळत ठेवण्यात गेला होता, त्यांचा निवेपर्यंतही निघाला. कोपरे घरी ठेवले असते तर परेशने दुसरे करून घेतले असते. ऐन वेळी काढून घेण्यासाठीच त्यांनी ते दिले होते. चार कोपरे होते, पण त्यांना एकच पुरे होता.

आता पाहुणे पुढच्या खुर्चीत हार घालून बसले होते आणि पोरांनी गाडीभोवती कोंडाळं केलं होतं. परेश बाईंसमोर उकिडवा बसला. कपाळावर घाम.

"वहिनी, तमाशा नको. आपण बोर्ड लावू, कैलासवासी म्हणून. मोठ्या अक्षरात."

"बोर्ड नको. माईकवर सांगा, इंजिन कोणाच्या पुलामुळे पडलं ते. त्यांचं नाव घेऊन सांगा."

"आता ते कोणाला आठवतंय?"

"मला."

त्याने पाहुण्यांकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं आणि तो उठून माईककडे गेला. माईक खरखरला. "गेल्या वर्षी इंजिन पडलं ते माझ्या पुलाचा पाय आखूड होता म्हणून. चारुदत्त पेंढारकरांची काही चूक नव्हती." हॉलमध्ये कोणालाच काही कळलं नाही. पाहुण्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. "गाडी कधी सुटणार?" एका पोराने विचारलं.

परेश परत आला तर बाई चौथा बोल्ट काढत होत्या.

"अहो, बोललो ना मी."

"बोललात. मग मी कोपरा ठेवते असं कुठे म्हटलं होतं? ज्याची फळी त्याची, केव्हाही न्यावी. नियम तुम्हीच केलाय."

त्यांनी कोपऱ्याची वायर उपटली. हातगाडीवाल्या काळूरामने दुसरीकडून धरलं आणि दोघांनी मोऱ्याचा धक्का उचलून गर्दीतून बाहेर काढला. मागे गाडी उरलेल्या रुळावर पुढे जायची आणि पुन्हा मागे यायची. पोरांनी हुर्यो सुरू केली होती. वसुंधराबाईंना कित्येक महिन्यांत इतकं छान वाटलं नव्हतं, आणि त्याची त्यांना तिळमात्र लाज वाटली नाही.

मासळी बाजारापर्यंत ते टिकलं. तिथे गर्दीत हातगाडी अडली. ऊन चढलं होतं. घरी जाऊन हा कोपरा कुठे ठेवायचा, याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

रस्त्याच्या कडेला बसलेली एक कोळीण उठून जवळ आली. तिने ओले हात लुगड्याला पुसले आणि ती फळीवर वाकली.

"आगो बाय, ह्यो तं आमचा मोरा हाय."

"तुम्ही मोऱ्याच्या?"

"तितलीच मी. गुनाबाय. धक्का बग, पायऱ्या बग, सगला तसाच हाय. कुनी केलाय?"

वसुंधराबाई 'आमच्या ह्यांनी' म्हणणार होत्या. लग्नापासून त्या तेच म्हणत आल्या होत्या, ते गेल्यावरही. वर्षभर त्यांना यजमानांचं नाव दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. आपल्या ओठांवर ते कसं येतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"चारुदत्त," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा नीट सांगितलं, "चारुदत्त पेंढारकर."

"बरा केलाय. घरी हायत काय?"

"नाहीत."

गुणाबाईने त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. तिने आपली पाटी ओढून घेतली आणि हातगाडीला वाट करून दिली.